गाडीचे पैसे आणि दोन फासे

"नियम कोणी केलाय, ते आधी बघा." हे वाक्य आमचे साहेब दिवसातून दहा वेळा म्हणत आणि म्हणताना डावी भुवई अशी वर चढवत की समोरच्याला वाटावं, आपण उगाच जन्माला आलो.

कतारमध्ये रास लफानच्या एका गॅस प्लांटवर ते सेफ्टीचे साहेब होते. जिन्याचा कठडा न धरता उतरणाऱ्याला ते परत वर पाठवत आणि पुन्हा उतरायला लावत. एकदा खुद्द मॅनेजरला त्यांनी असं दोनदा उतरवलं. असा माणूस जुगारावर प्रवचन देईल, हे तुम्हांला खरं वाटणार नाही. आम्हांलाही वाटलं नव्हतं.

फुटबॉलच्या वर्ल्डकपला तीनेक वर्षं होती. सगळा कतार खणून ठेवलेला. अल वक्राहून निघालेली कंपनीची बस रोज नव्या वळणाने जायची आणि रोज उशिरा पोचायची. त्या प्रवासात त्यांनी आम्हांला क्रॅप्स हा दोन फाशांचा जुगार शिकवला. कँटीनमध्ये त्याचं प्रात्यक्षिक व्हायचं. साखरेच्या दोन क्यूबवर बॉलपेनने ठिपके काढायचे, टेबलावर टाकायचे आणि कोणी आलंच तर चहात ढवळून टाकायचे. जुगाराला बंदी असलेल्या देशात पुरावा पिऊन टाकणारे ते एकमेव सेफ्टी ऑफिसर असावेत.

खेळ सोपा होता. पहिल्या फेकीत सात किंवा अकरा आले तर जिंकलात. दोन, तीन, बारा आले तर हरलात. दुसरा कुठलाही आकडा आला तर तोच पुन्हा यायला हवा, सात यायच्या आत. या पहिल्या पैजेवर कॅसिनो आपला बारीकसा वाटा काढतो. पण आकडा ठरल्यावर त्या पैजेच्या मागे आणखी पैसे लावता येतात आणि त्यावर कॅसिनो काहीच काढत नाही. जेवढी जोखीम, बरोब्बर तेवढाच मोबदला.

"म्हणून पुढे थोडे लावायचे, मागे भरपूर," ते म्हणायचे. "मागे दहापट लावू देणारं टेबल शोधायचं. आणि टेबलाच्या मधोमध 'पुढची फेक सातच' या पैजेचा चौकोन असतो ना, तिकडे बघायचंसुद्धा नाही. सहात एकदा येणाऱ्या गोष्टीचे चारपट देतात. तो मूर्खांवरचा कर आहे."

आमचा क्रेन सुपरवायझर इस्माईल रत्नागिरीचा. "आपल्याला हराम आहे, पण ऐकायला काय जाताय," म्हणत तो रोज बसायचा. एके दिवशी त्याने विचारलं, "काय ओ साहेब, मागच्या पैशावर कॅसिनो काय घेत नाय, म्हणजे हरायचा नाय. पण मग जिंकायचा कसा?"

आम्ही सातही जण त्याला हसलो. सात पदवीधर इंजिनिअर! तोटा नसणं म्हणजे नफा असणं नव्हे, हे एका क्रेनवाल्याला कळलं आणि आम्हांला कळलं नाही. उलट आम्ही पैसे गोळा केले, लिफाफ्यात घातले आणि ईदच्या सुट्टीत जॉर्जियाला निघालेल्या साहेबांच्या हाती दिले. मीही सहकुटुंब तिकडेच चाललो होतो, म्हणून सहा जणांनी मला पहारेकरी नेमलं.

काळ्या समुद्राकाठच्या त्या कॅसिनोत आम्ही दोघं भर दुपारी शिरलो. दोघांची बायका-मुलं बाहेर किनाऱ्यावर. साहेबांनी नियमांचा कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या वीस मिनिटं वाचला. टेबलावरचा माणूस वैतागला. मग त्यांनी खिशातून आमचा लिफाफा काढून माझ्या हातात ठेवला.

"हे तुमच्याकडे राहू द्या. इथे मागे फक्त पुढच्याइतकेच लावता येतात. आपलं गणित दहापटीवर होतं. इथे ते चालत नाही."

"मग चला परत."

"तुम्ही कॉफी घ्या. मी जरा बघतो."

मी कॉफी घेऊन आलो तर ते स्वतःच्या पैशांनी खेळत होते. शेजारी एक लालभडक ओठांची आजीबाई फासे टाकत होती आणि तिचा प्रत्येक आकडा परत येत होता. साहेबांपुढे चकत्यांचा ढीग. कँटीनमध्ये चमचाही आवाज न करता ठेवणारा तो माणूस "यल्ला, आजी, यल्ला!" असा ओरडत होता. मी बाही धरून ओढलं, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पाच वाजता गर्दी वाढली. एका मुलीने येऊन टेबलावरची पाटी बदलली. कमीत कमी पैज दुप्पट झाली. म्हणजे कॅसिनो ज्यावर वाटा काढतो त्या पैजेवर दुप्पट लावणं भाग. आजीबाईंनी पाटी वाचली, चकत्या उचलल्या आणि त्या घरी गेल्या. साहेब राहिले. ढीग उतरत गेला. शेवटी शेवटी त्यांचा हात मधल्या चौकोनाकडे गेला. सातच्या. एकदा नव्हे, चारदा. चारही वेळा सात आला नाही.

किनाऱ्यावर वहिनी मक्याचं कणीस खात होत्या. दोहात चौथ्या खेपेला त्या ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्या होत्या आणि साहेबांनी त्यांना गाडी कबूल केली होती. ते माझ्यादेखतच म्हणाले, "गाडीचे पैसे गेले."

"सगळे?"

"सगळे."

"आणि लोकांचे?"

"लोकांचे आहेत."

वहिनींनी रुमालाला हात पुसले. कणीस अर्धंच राहिलं. मग म्हणाल्या, "चला, मुलं दमलीत." हॉटेलवर पोचेपर्यंत त्या त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होत्या.

आठवड्याने प्रत्येकाला पैसे परत मिळाले, जसे दिले तसे. आणि साहेबांची छी-थू झाली. "नुसता कागद वाचून आला!" "टेबल बघून घाबरला!" त्यांना 'वाचनालय' असं नाव पडलं. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं, ते मी पाळलं. पण गप्प राहणं वेगळं आणि हसणं वेगळं. मी हसलोसुद्धा. इस्माईल तेवढा हसला नाही.

पुढच्या वर्षी प्लांटवरची माणसं कमी केली, त्यात त्यांचं नाव आलं. निरोपाच्या चहाला कोणीतरी भाषण ठोकलं, "आमच्या वाचनालयाला शुभेच्छा." तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. तुमचे पैसे त्या टेबलाला का लागले नाहीत आणि कोणाचे लागले, ते.

साहेबांची मान खाली. "मूर्खपणा केला हो," ते म्हणाले, "सांगायची काय गरज होती?" इस्माईलने उठून त्यांच्या हातात हात दिला.

आम्ही सुधारलो असू, असं तुम्हांला वाटेल. दुसऱ्याच दिवशी त्या सहांपैकी दोघं मला गाठून कुजबुजले, "पण पाचपर्यंत जिंकत होते ना? म्हणजे पाचला उठलं की झालं!"

दोन-तीन महिन्यांनीही त्यांचं तेच चाललं होतं, तेव्हा मी त्यांना गावी परतलेल्या साहेबांचा नाशिकचा नंबर दिला. त्यांनी खरंच फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. वहिनींनी उचलला.

"ते क्लासला गेलेत," त्या म्हणाल्या. "अकरावीच्या मुलांना संभाव्यता शिकवतात. तुम्हांला ॲडमिशन हवी आहे का?"