तळ्यावरची धडधड

घरात तिला सगळे ढगी म्हणत. घास हातातच राहायचा आणि डोळे खिडकीबाहेरच्या आभाळात. "ढगी, खाली ये गं, जेवण गार होतंय!" आई हाक मारायची. शाळेत धावण्याचा तास आला की मात्र ढगीचं पोट हमखास दुखायचं. एकदा ती सगळ्यांत मागे राहिली होती आणि पोरी फिदीफिदी हसल्या होत्या. ते हसू तिच्या कानात घर करून बसलं होतं.

पंधराव्या वर्षी शाळेत तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला, मग पुन्हा फुगवला. पुढे दवाखान्यात बोलावून, निवांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी मोजलं. रक्तदाब खरंच वाढलेला होता. बाकीच्या तपासण्यांत काही निघालं नाही.

बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांचे वडील छातीत कळ येऊन उभ्या उभ्या गेले होते. बाबा पडदे शिवायचे. आता मशीन थांबवून ते लेकीकडे बघत राहायचे. "जिना हळू चढ. पिशवी राहू दे. तू नुसती बस." ढगी बसली. टांगलेल्या पडद्यांमागे, निळ्या-करड्या उजेडात, पाण्याखाली असल्यासारखी ती तरंगत राहिली. खरं सांगायचं तर तिला ते गोडही लागत होतं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला बसवून कुणी ठेवलं?"

"मीच. काळजीपोटी."

"काळजीनं हृदय बळकट होत नाही हो. मी तपासलंय, व्यायामानं हिला काही धोका नाही. रोज दम लागेल इतकं हलू द्या, मीठ कमी करा. तूर्त गोळी नको." मग त्या ढगीकडे वळल्या. "तुला काय करायला आवडतं?"

"काहीच न करायला."

बाई मनापासून हसल्या, आणि का कोण जाणे, ढगीलाही हसू आलं.

मामा तळ्यावर नावा भाड्यानं द्यायचा. तो आईला म्हणाला, "हिला रोज सकाळी माझ्याकडे धाड. तिथं आभाळ वरही आहे आणि खालीही."

पहिल्या सकाळी तळ्यावर धुकं दाटलं होतं. मामा मागे बसला, वल्ही तिच्या हातात. काठ विरघळला, झाडं विरघळली. उरला फक्त पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. थोड्या वेळानं ती एकदम थांबली. चेहरा पांढराफटक.

"मामा, छातीत धडधडतंय!"

"दुखतंय? चक्कर येतेय?"

"नाही."

"माझ्याशी बोलता येतंय?"

"बोलतेच आहे की!"

"मग धडधडू दे. काम करतंय ते. तेही तुझ्यासारखं पेंगत बसलं तर झालंच कल्याण!"

नाव आपसूक वाहत राहिली. ढगीनं डोळे मिटले. इतकी वर्षं आपल्या आत कुणीतरी राहतंय आणि आपली त्याच्याशी साधी ओळखही नाही, असं तिला वाटलं. ठोके हळूहळू निवले, जसं वाऱ्यानंतर पाणी निवतं. तिनं पुन्हा वल्ही उचलली.

मग रोजच्या सकाळी तशाच गेल्या. कधी कंटाळा यायचा, कधी हात भरून यायचे; पण पोटदुखी काही झाली नाही. ऋतू पालटला तेव्हा बाई पट्टा सोडत म्हणाल्या, "अजून काठावर आहे, पण चांगलाच उतरलाय. वल्हवणं सोडू नकोस." आणि सहज बाबांना म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचाही दंड द्या."

बाबांचा आकडा लेकीपेक्षा कितीतरी वर निघाला. त्यांना गोळी सुरू झाली. बाईंनी हळूहळू हालचाल वाढवायलाही सांगितलं.

पुढे एका सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, नावेची कड घट्ट धरून, बाबा ढगीसमोर बसले होते. तळ्याच्या मधोमध ते हळूच म्हणाले, "बघू, मला दे जरा." वल्ही हाती येताच नाव जागच्या जागी गोल फिरू लागली. धुक्यातून मामाची आरोळी आली, "दाजी, तळं घुसळून लोणी काढताय काय?"

बाबांना उत्तर द्यायचं होतं, पण हसून हसून त्यांनाच दम लागला होता.