लुत्सीनाबाईंची राखण

लुत्सीना स्रोका सव्वीस वर्षं वूच शहरातल्या सूतगिरणीत चात्यांपुढे उभी राहिली. ब्याण्णव साली गिरणी बंद पडली. राहती खोली गिरणीचीच. नव्या मालकाने भाडं तिप्पट केलं आणि पुढच्या सप्टेंबरात तिचं कपाट रस्त्यावर आलं. नवरा आधीच वारला होता. उरला तो शहराबाहेरच्या बागांमधला तिचा तुकडा, माझ्या कुंपणाला लागून, आणि त्यावरचं फळ्यांचं खोपटं. जमीन पालिकेची; त्या बागांत उन्हाळ्यात भाजी लावायची, सफरचंदं काढायची, राहायला मनाई.

नोव्हेंबरात मी गुलाबांना थंडी लागू नये म्हणून पेंढा बांधायला गेलो, तर तिच्या धुराड्यातून धूर. दार वाजवलं.

"पालापाचोळा जाळायला आले होते हो, शेजारी," ती म्हणाली. पायात सपाता होत्या आणि मागे दोरीवर मोजे वाळत होते. माझी नजर तिकडे गेलेली तिला दिसली. "कुणाला सांगू नका."

मी नाही सांगितलं. पण धूर काय लपतो? आठवड्यात सगळ्यांना कळलं. कुणी फाटकाशी कोळशाची बादली ठेवली, कुणी बरणीभर आंबवलेली कोबी. माझी बायको बार्लीचं सूप द्यायची. बागांच्या समितीचा अध्यक्ष झेनोन मात्र हादरला. कुणी राहतंय असं कळलं तर पालिका जमीनच काढून घेईल, ही त्याची धास्ती. शेवटी त्यानेच तोड काढली. हिवाळ्यात चोर नळ, पत्रे उपटून नेतात. तेव्हा लुत्सीनाला राखणदार करायचं. राखणदाराला सभेच्या हॉलमागची खोली देता येते.

"पगार?" तिने विचारलं.

"खोली आहे ना, बाई! आणि दुसरं कुणी खोपटात घुसलं तर लगेच सांगायचं. तुमचं बघून दहा येतील."

जानेवारीत पारा उणे अठरावर गेला. एकेचाळीस नंबरच्या खोपटात तिला माणूस सापडला, पायांना वर्तमानपत्रं गुंडाळलेला. इग्नात्सी, तिच्याच गिरणीतला फिटर. ती त्याला उठवून आपल्या खोलीत घेऊन आली. झेनोनला कळायला सहा दिवस लागले. रविवारी चर्च सुटल्यावर सभा भरली.

"एकजण ठीक आहे, लुत्सीनाबाई. दोन नाही. त्यात हा पितो."

"पितो. मग?"

"मग जायला सांगा त्याला. तेच तुमचं काम."

"मला नाही जमायचं," ती म्हणाली. "तो आत बसलाय. तुमच्यातलं कुणीतरी उठा आणि सांगा."

आम्ही अठरा जण होतो. कुणी खोकलं, कुणी हातमोजे चाचपले. मी शेगडीकडे बघत राहिलो. झेनोनने वही मिटली. "थंडी ओसरली की बघू," एवढंच बोलला.

इग्नात्सी राहिला खरा. पण कोळशाच्या बादल्या कमी झाल्या, कोबीही थांबली. "एकटी होती तोवर कीव यायची," बारा नंबरवाली माझ्या बायकोला म्हणाली, "आता तर संसारच थाटलाय बाईने!" आमच्या घरून सूप जात राहिलं, पण एकाच माणसापुरतं. आणखी थोडं टाक, असं मीही कधी म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये लोक रोपं घेऊन आले, हिवाळ्यापुरती राखण संपली आणि खोली रिकामी करायची वेळ आली. जवळच्या पाब्यानित्से गावातल्या नन्सच्या आश्रमात लुत्सीनाला खाट मिळाली, बदल्यात स्वयंपाकघरातलं काम. तिथे फक्त बायकांना घेतात. ती इग्नात्सीला ट्रामपर्यंत सोडायला गेली.

मे महिन्यात मी तिला भेटायला गेलो. ती बटाटे सोलत होती.

"इग्नात्सी दिसला कुठे?" तिने विचारलं.

"नाही."

"चौकशी केलीत?"

मी चौकशी केली नव्हती. तिने पुढचा बटाटा उचलला.

परतताना मी स्टेशनवर विचारलं. पुढच्या आठवड्यात बेघरांचे दोन निवारे पालथे घातले. गिरणीतला फिटर म्हटलं की तिथली माणसं विचारायची, "कुठला? असे पुष्कळ येतात."