अकरा पिढ्या आणि आत्याची आई

समस्त भावकी, सोयरे-धायरे आणि बांधापुरतं बोलणारे शेजारी यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बारामतीतील वंशावळ मंडळाचे सभासदत्व स्वीकारले असून, यापुढे त्याच्या एकाही पूर्वजाला लपून बसता येणार नाही.

हे मी घरी जेवताना उभं राहून जाहीर केलं. बायकोने ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि खाली बसायला सांगितलं.

मंडळ म्हणजे एका कापडदुकानाच्या माडीवर शनिवारी दुपारी जमणारी सात-आठ माणसं. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना आपल्या पणजोबांचं मूळ गाव शोधायचं होतं, म्हणून त्यांनी माडी दिली आणि वर चहाही. मोडी वाचता येणारे एक निवृत्त गुरुजी आमचे सर्वेसर्वा. आपला पूर्वज घोड्यावर बसलेला सापडणार, अशी प्रत्येक नव्या सभासदाची खात्री असते. माझा सापडला तो म्हशीच्या मागे. त्याची म्हैस पाटलाच्या कडब्यात शिरली, म्हणून चावडीवर त्याला जाब विचारला होता. तो कागद मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला.

वर्षभरात आमच्या कऱ्हाटीच्या घराण्याचा तक्ता तयार झाला. अमका बिन तमका, तमका बिन फलाणा. बिन म्हणजे मुलगा. अकरा पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिलेला दिसत होता, आणि खरं सांगतो, मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. तक्त्याची गुंडाळी काखेत मारून मी थेट वडगाव निंबाळकरला आत्याकडे गेलो.

आत्या चौऱ्याऐंशीची. माझ्या वडिलांची सावत्र बहीण. तिची आई ती जन्मताच गेली आणि वर्षाच्या आत माझी आजी त्या घरात आली. आजीने आत्याला पोटच्या पोरीसारखं वाढवलं, पण पहिल्या बायकोचं नाव घरात कुणी घेतलं नाही. विषय निघालाच तर ‘कळंबकरीण’ म्हणायचे. तिच्या माहेरची माणसंही पुढे कुठं पांगली, कळलं नाही.

आत्या घेवडा मोडत बसली होती. मी तिच्यासमोर तक्ता पसरला, चारी कोपऱ्यांवर तांबे ठेवले आणि हातवारे करत पिढ्या वाचून दाखवल्या. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ह्यात माजी आई कुठं हाय?”

मी म्हणालो, बायकांची नावं यात नसतात.

“मग नाव तरी सांग. मला तिचं नावबी ठावं न्हाय.”

माझं सगळं नाटक तिथंच संपलं.

पुढच्या शनिवारी ही गोष्ट मी माडीवर सांगितली आणि गुरुजींनी बाकी सगळी कामं बाजूला सारली. गावातले जन्म-मृत्यू जुन्या काळी कोतवाल बुकात लिहीत. आम्ही कऱ्हाटीच्या पानांच्या नकला मिळवल्या आणि सहा शनिवार त्यांच्यावर वाकून बसलो. म्हातारे सापडले, पटकीने गेलेले सापडले, आत्याची आई नाही. शेवटी आम्ही एकमताने ठराव केला की त्या वर्षीचा कोतवाल आळशी होता.

हा ठराव आत्याला कळवायला मी गेलो. सोबत गुरुजी आणि चाचाही. तिने विचारलं, कुठल्या गावचं बुक पाहिलं? मी म्हणालो, कऱ्हाटीचं, दुसरं कुठलं?

“पहिलटकरीण सासरी बाळंत व्हती व्हय रं?”

आम्ही तिघे पिकल्या केसांचे विद्वान एका प्रश्नात चितपट झालो. माझी बायको दोन्ही वेळा माहेरी गेली होती. डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन एसटीने मीच गेलो होतो. चाचांच्या तीन लेकींची पहिली बाळंतपणं माहेरी, चाचांच्याच घरात झालेली. चाचा पुटपुटले की आपल्याला माडीवरून खाली ढकलायला पाहिजे. आत्या कळंबला जन्मली होती, तिची आई तिथंच गेली होती. आत्याला ते ठाऊक होतं. आम्हीच विचारलं नव्हतं.

कळंब इंदापूर तालुक्यात. तिथलं बुक पाहायला इंदापूरच्या कचेरीत तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला गुरुजींचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं. एक नाव, पुढे ‘कोम’, पुढे माझ्या आजोबांचं नाव. कोम म्हणजे बायको. कारण: बाळंतरोग.

नक्कल मिळताच आम्ही वडगावला गेलो. आत्याला मीच वाचून दाखवणार होतो, पण ऐन वेळी कागद गुरुजींकडे दिला. त्यांनी नाव दोनदा वाचलं, शाळेत हजेरी घेतात तसं, स्पष्ट. आत्याचे ओठ हलले. ते नाव मी इथं लिहीत नाही. इतक्या वर्षांनी मिळालंय, आधी तिला पुरू दे.

मग ती म्हणाली, पुढं वाचा. गुरुजींनी वय वाचलं. सतरा.

आत्याने कागद त्यांच्या हातून ओढूनच घेतला. तिला अक्षर वाचता येत नाही, मोडी तर नाहीच. तरी ती त्या ओळीकडे बघत राहिली आणि एकदम बोलून गेली:

“आरं, ही तर लेकरू हाय! हिला कुणी संबाळलं आसंल रं?”