अण्णांच्या कॉम्प्युटरला वाचा फुटली

मधुमेहामुळे वडिलांना अक्षरं दिसेनाशी झाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, पण पेपर वाचल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. रविवारी मी वाचून दाखवायचो. बाकीचे दिवस मला सकाळीच सातपूरला कारखान्यात पळावं लागे. म्हणून घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि बातम्या मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅमही बसवला.

सगळं चाललं, आवाज सोडून.

त्या रविवारी अण्णा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून समोर येऊन बसले. मी एकेक कमांड देत होतो. बऱ्याच वेळाने कळलं, कॉम्प्युटरला दोन साउंड कार्डं दिसत होती आणि तो आवाज पाठवत होता मॉनिटरच्या वायरीतून. मॉनिटरला स्पीकरच नव्हते! दुसरं कार्ड निवडलं, तरी सगळं शांतच.

"झालं का रे?" अण्णांनी विचारलं.

"होतंय," मी म्हणालो.

पोह्यांच्या बश्या घेऊन आलेली बायको स्क्रीनकडे वाकली. आवाजाच्या उभ्या पट्ट्या वरपर्यंत भरलेल्या होत्या. "अहो, खाली हे एम एम काय लिहिलंय?"

एम म्हणजे म्यूट. आवाज पूर्ण वाढवलेला, आणि वर त्याचं तोंड बांधलेलं! मी एमचं बटण दाबलं, चाचणीची कमांड दिली. खोलीत एक बाई खणखणीत इंग्रजीत म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." आम्ही तिघंही दचकलो. बायकोच्या हातातले पोहे थोडे कीबोर्डवर सांडले.

अण्णा हसायला लागले. "लेफ्ट म्हणते आणि बोलते उजवीकडून! असा कंडक्टर मिळाला असता तर माझी गाडी गोदावरीत गेली असती."

स्पीकर उलटे ठेवले गेले होते. त्यांची अदलाबदल केली आणि पहिली बातमी लावली, लासलगावच्या कांद्याच्या भावाची. यंत्राचं मराठी असं की कांदा 'कानडा' झाला आणि क्विंटल तर ओळखूच येईना.

"हा मराठी कुठे शिकला?" अण्णा म्हणाले. "पण वाचू दे. जरा सावकाश वाचायला सांग त्याला."

मी वेग कमी केला. अण्णा डोळे मिटून, मान हलवत ऐकत राहिले. चहाचा कप हातात तसाच होता. मला उगाचच भरून आलं, म्हणून मी कीबोर्डमधले पोहे वेचत बसलो.

बायकोने नंतर दोन बटणांवर जाड खड्यांच्या टिकल्या चिकटवल्या. एक सुरू करायला, एक थांबवायला. आता अण्णा बोटांनी चाचपून स्वतःच बातम्या लावतात. शेजारचे काका आपला पेपर घरी ठेवून आमच्याकडे ऐकायला येतात. दोघांचा वाद रंगला की काका ओरडतात, "अरे, थांबव त्याला!"

अण्णा मात्र थांबवत नाहीत. आवाज आणखी वाढवतात.