माफीची साक्ष

चर्चच्या मंडळीत तिला सगळे 'साक्षबाई' म्हणत. पोटापाण्याला ती शिवणकाम करी. पडदे, गणवेश, गायकवृंदाचे झगे. पण रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला उभी राहिली, की तिचा गळा नेमका हवा तिथे दाटून यायचा. पुढच्या बाकावरच्या बायका आधीच रुमाल काढून बसायच्या. पाळकसाहेब मात्र हळूच घड्याळाकडे बघायचे.

धाकट्या जावेशी तिचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटी चार माणसांदेखत म्हणाली होती, "ताई, आता रडताय. आजारपणात आईंना चमचाभर पाणी तरी पाजलंत का?" ते खरं होतं, म्हणूनच जिव्हारी लागलं.

एका रविवारी पाळकसाहेब क्षमेवर बोलले. साक्षबाईला राहवेना. ती उठली आणि म्हणाली, "माझ्या जावेनं मला नको नको ते सुनावलं. पण आज प्रभूसमोर सांगते, मी तिला मनापासून माफ केलंय. माझं दार तिला सदैव उघडं आहे."

"आमेन!" मंडळी म्हणाली. बायकांनी तिचे हात हातात घेतले. दोन दिवस ती नुसती तरंगत होती. धाकटी शेवटच्या बाकावर बसून सगळं ऐकत होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. साक्षबाईनं शिलाई मशीन थांबवून पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाहेर धाकटी उभी, हातात झाकलेला डबा. काय बोलायचं हिच्याशी? इथे तर ऐकायला कुणीच नव्हतं.

"ताई, मी आहे," धाकटीनं हाक मारली. "माझंही चुकलंच हो. तसं बोलायला नको होतं."

साक्षबाई श्वास रोखून उभी राहिली. कडीपर्यंत हात गेला नाही. मशीनची घरघर मध्येच थांबलेली धाकटीनं नक्की ऐकली असणार. थोड्या वेळानं पावलं जिना उतरून गेली.

पुढचे तीन रविवार धाकटी उपासनेला आली नाही. चौथ्या आठवड्यात साक्षबाईच तिच्याकडे गेली. धाकटीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. वाटेत घोकलेलं सगळं साक्षबाई विसरली.

"त्या दिवशी मी घरातच होते," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "राग नाही हो ताई. भांडलो तेव्हा निदान खरं तरी भांडलो. तुम्ही देवासमोर बोललात, ते मी खरं धरलं, इतकंच."

आता दोघी भेटल्या की तब्येतीची चौकशी करतात. त्यापुढे शब्द सरकत नाही. साक्षबाईनं दोनदा मनातलं बोलायचा प्रयत्न केला. धाकटीनं दोन्ही वेळा विषय बदलला.

पाळकसाहेबांना मात्र आनंद झाला. "जावाजावा एक झालात! रविवारी साक्ष द्या."

"नको," ती म्हणाली. "अजून तसं काही झालेलं नाही."

रविवारी त्यांनी व्यासपीठावरून तिच्या नम्रतेचं तोंड भरून कौतुक केलं. तिनं मान खाली घातली. लोकांनी तीही नम्रताच समजली.