रूथताईंच्या अकरा ओळी

फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेतली मामांची नावं टाइप करत होते. इंदापूरहून रूथताईंच्या शेजारच्या मंदाकाकू बोलत होत्या. "सुमन, बाई गेल्या गं. सकाळी दूध द्यायला गेले तर खुर्चीतच..." मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले चार मामा टाइप करून मगच उठले. माणूस असं का वागतं, देव जाणे. त्याला आता सात आठवडे झाले, पण ते चार मामा काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

रूथताई इंदापूरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. एकट्या राहायच्या आणि आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळींच्या नाताळ अंकात दर वर्षी एक प्रेमकथा लिहायच्या. बारामतीत माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान आहे, त्या अंकाची जुळणी बावीस वर्षं मीच करते. मी हिंदू घरातली, नाताळ मला कळला तो ताईंच्या कथांतून. दर वर्षी एक कथा म्हणजे खरं तर दर वर्षी तीच कथा! नायिका कधी नर्स असे, कधी शिवणकाम करणारी. नायक कधी कंडक्टर, कधी बँडवाला. पण डिसेंबरातल्या एका संध्याकाळी गाणी म्हणत घरोघर फिरणारी मंडळी तिच्या दारी येणार, त्यात तो असणार, आणि ही आतून कडी लावून उभी राहणार. गाणं संपलं की कंदील पुढच्या घराकडे जायचा आणि कथा खलास. मी वैतागून म्हणायचे, "अहो ताई, यंदा तरी लावून द्या की त्यांचं लग्न! पत्रिका मी फुकट छापते." त्या हसायच्या. "लावीन गं. आधी तिला दार तर उघडू दे."

नोव्हेंबर सरता सरता त्या एसटीनं यायच्या. पिशवीत पाठकोऱ्या कागदांवर सुवाच्य अक्षरात लिहिलेली कथा आणि डबाभर करंज्या. शाळेतल्या बाई त्या, त्यामुळे कथा संपली तरी त्यांचं समाधान होत नसे. शेवटी एक परिच्छेद वाचकांना शुभेच्छांचा असायचाच, आणि तो मी दर वर्षी कापायचे. त्यांनाही ते माहीत होतं. अंक हातात घेतला की पहिलं वाक्य ठरलेलं, "कापलंस ना गं बये?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "कापलं."

आता जे सांगायचं ते सांगते. अंक बत्तीस पानांचा, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्मे. त्यात एक ओळ जास्त झाली तरी पुढचा फॉर्मा उघडावा लागतो. गेल्या वेळी सगळं बसवून झालं आणि ऐनवेळी एका पुढाऱ्याची वाढदिवसाची आणि नाताळची एकत्रित शुभेच्छांची जाहिरात आली. अंकवाले म्हणाले, कशीही बसवा. ताईंची कथा शेवटच्या पानावर अकरा ओळी खाली उतरत होती. आम्ही टाइप करणारी माणसं वाचत नाही हो, आमची बोटं वाचतात. कथा मीच टाइप केली होती, पण त्या अकरा ओळींत काय आहे हे मला विचाराल तर शपथेवर सांगते, ठाऊक नव्हतं. शुभेच्छा यंदा जरा लांबल्या, एवढंच मनात आलं. प्रूफ पाठवायला वेळ नव्हता, फोन करायला होता. केला नाही. लाल पेनानं कागदावर तिरकी रेघ मारली आणि पान छपाईला सोडलं.

जानेवारीत ताई आपल्या दहा प्रती न्यायला आल्या. चहा घेतला. अंक हातात धरून म्हणाल्या, "सुमन, शेवटी थोडं होतं गं..." मी कामात होते, मान वर न करता म्हटलं, "फॉर्म्यात बसेना. शुभेच्छाच होत्या ना?" त्यांनी अंक मिटून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "हो. शुभेच्छाच होत्या." आणि उठून गेल्या. प्रती टेबलावर तशाच राहिल्या. मला वाटलं, वय झालं, विसरल्या.

अंत्यविधीच्या दिवशी मंदाकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "नाताळला बाईंनी दिवसभर दार उघडं ठेवलं हुतं. दोन कप मांडून बसल्या हुत्या. कोण येणार हाय, इचारलं तर म्हणल्या, बघू." मी ऐकून घेतलं, तरी डोक्यात काही उजेड पडला नाही. तो पाडला शांतवनतात्यांनी. कळंबचे हे तात्या, कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. गाण्याच्या मंडळींत पेटी वाजवतात. मातीचा विधी उरकल्यावर माझ्याजवळ आले. "अंक तुमीच टाइप करता न्हवं? तिची गोष्ट मी कधी चुकवली न्हाय. तिलाबी ठाव हुतं, मी वाचतो त्ये. तरुणपणी मागणी घातली हुती मी. तिची आई अंथरुणाला खिळलेली म्हणून न्हाय म्हणाली. मग माझं लग्न झालं. बायको जाऊन आता सहा वर्सं झाली. म्हटलं, गोष्टीत दार उघडलं की जायाचं. यंदाबी उघडलं न्हाय. मग कशाला जाऊन तिला तरास द्यायचा?"

मला त्या कापलेल्या अकरा ओळी आठवल्या. बारामतीला परतले आणि दुकानातली तार धुंडाळली. झालेल्या कामाचे कागद आम्ही तारेला टोचून ठेवतो. शेवटचं पान सापडलं, माझ्या लाल रेघेसकट. उभ्यानंच वाचलं. डॉक्टर म्हणाले होते, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. माझ्यामुळं त्या गेल्या असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण त्या दोन कपांपैकी एक कोरडा राहिला तो माझ्यामुळं.

कळंबला जायला मला सहा आठवडे लागले. आज लग्नसराई, उद्या मशीन बिघडलं... कारणं काय, हवी तेवढी मिळतात. शेवटी गेल्या रविवारी गेले. तात्यांनी चष्मा पुसला आणि कागद दोनदा वाचला. मी म्हटलं, "तात्या, माझी चूक. न वाचताच कापलं मी." असू दे, होतं असं कधी कधी, असं काही ते म्हणाले नाहीत. "व्हय, चूक हाय," म्हणाले. चष्मा काढून ठेवला. मग कागद नीट घडी करून त्यांनी माझ्याच हातात परत दिला. "हा तुमच्यासाठीच आहे," मी म्हटलं. तर म्हणाले, "मला एकट्याला सांगायचं असतं तर तिनं चिठ्ठी लिहिली असती. तिनं छापायला दिलं हुतं ना? मग छापा."

म्हणून हा लेख. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांना सांगून ठेवलंय, जागा कमी पडली तर माझं काहीही कापा, अगदी माझं नावसुद्धा. खालच्या अकरा ओळींना मात्र हात लावायचा नाही. त्या ताईंच्या आहेत. या खेपेला वाचून टाइप केल्यात.

"कंदील पुढच्या घराकडे वळला तसं तिला हसू आलं. इतकी वर्षं कडीमागं उभं राहून आपण राखलं तरी काय? आई गेली, शाळा सुटली, केस पांढरे झाले. तिनं कडी काढली. हाक मारावी एवढा आवाज आता उरला नव्हता, म्हणून उंबऱ्यावर दिवा ठेवला. उद्या नाताळ. उपासना सुटल्यावर तो याच रस्त्यानं जाईल. तिनं फडताळातून दोन कप काढून पुसून ठेवले. मग दाराकडे बघत ती मनाशीच म्हणाली, वाजवत उभा राहू नकोस. नुसतं लोटलंय."