मामांची गाडी कोण तापवत होतं?

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारे लोक सराईत असतात, आणि माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी फक्त घरात बोलतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आता आहे की नाही, सांगता येत नाही... पण जे झालं ते कुणाला तरी सांगावं असं वाटलं.

मी जबलपूरला गोरखपूर नावाच्या भागात राहतो. माझे मामा विजय नगरला. ते सैन्याच्या गाड्या बनवणाऱ्या फॅक्टरीत नवे ट्रक चालवून तपासायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने हायब्रिड गाडी घेतली. अशी गाडी शहरात बरीचशी बॅटरीवर चालते, म्हणून पेट्रोल कमी लागतं. पण थंडीत तसं होत नाही. बॅटरी गारठते, इंजिनला आधी स्वतःला तापवावं लागतं, वर हीटर लावला तर ते बंदच होत नाही. मामांच्या गाडीचं मायलेज उन्हाळ्यात बावीस-तेवीस, तेच डिसेंबरात सोळावर यायचं.

त्यात मामांची ट्रकच्या दिवसांतली सवय. थंड गाडी हलवायची नाही! रोज सकाळी मामींना मंदिरात न्यायच्या आधी ते एकटेच गाडीत बसायचे, हीटर लावून. काच साफ झाली, सीट गरम झाली, की मग हॉर्न वाजवायचे. मामींना सांधेदुखी आहे.

मी एकदा म्हटलं, "मामा, ही गाडी तशी नाही. उभ्या उभ्या पेट्रोल जाळून राहिले तुम्ही. मायलेज कुठून येईल?"

"काहून रे, कॉलेजात हेच शिकवून राहिले का तुले? बायकोले बर्फावर बसवा, पण मायलेज वाचवा?"

मामी आतून म्हणाल्या, "लग्नात सायकलवर आणलं होतं मले, तेव्हा नाही आठवली थंडी!"

"तेव्हा तू गरम होती," मामा म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

या जानेवारीत मामा जिन्यावरून पडले. डोक्याला मार लागला. ऑपरेशन झालं, पण शुद्ध येईना. डॉक्टर एवढंच म्हणायचे, वाट पाहा. त्यांची मुलगी सीमाताई रात्री दवाखान्यात थांबायची, आणि सकाळी मामींना तिथे नेण्याचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच सकाळी मी गाडी सुरू केली आणि इंजिनचा आवाजच आला नाही. बॅटरीवर गुपचूप निघाली. मे महिन्यात निघते तशी. हीटर लावला तर लगेच गरम हवा. मला वाटलं, सीमाताईने आत्ताच कुठे नेऊन आणली असेल. पण ती तर दवाखान्यात होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी नीट पाहायला लागलो. गल्लीतल्या सगळ्या गाड्यांवर दव पडलेलं, आमची काच कोरडी. बॉनेटवर कॉलनीतली पिवळी मांजर पाय पोटाखाली घेऊन झोपलेली. हात लावला तर बॉनेट कोमट. तिथे कडुनिंबाची दाट सावली असते, ऊन दुपारपर्यंत येत नाही. किलोमीटरचा आकडा आदल्या दिवशी सोडला तोच. पेट्रोलचा काटाही तिथेच. आणि मायलेज? दवाखाना जवळ, रस्ता थांबत थांबत जाणारा, थंडी कडाक्याची... म्हणजे सोळाच्याही खाली जायला हवं. स्क्रीनवर बावीस.

एका संध्याकाळी मी चावी माझ्याबरोबर गोरखपूरला घरी घेऊन गेलो. दुसरी चावी सीमाताईच्या पर्समध्ये होती. सकाळी परत आलो, गाडी तापलेलीच. समोरचे शुक्लाजी दात घासत उभे होते.

"अंकल, हमारी गाड़ी किसी ने चालू की थी क्या?"

"नहीं भैया। लेकिन ये बिल्ली रोज़ तुम्हारी ही गाड़ी पे सोती है। हमारी में क्या काँटे लगे हैं?"

कॉलेजात सरांना विचारलं. ते म्हणाले, सेन्सर चुकीचं तापमान दाखवत असेल. सर्व्हिस सेंटरला दाखवली, सेन्सर चांगला निघाला. आणि समजा सेन्सर चुकला, पण मांजरीला तर सेन्सर नाही ना!

मी मामींना काही बोललो नव्हतो. एक दिवस त्याच बसता बसता म्हणाल्या, "सीट गरम आहे रे. तुझे मामा करतात तशी." मग खिडकीबाहेर पाहत राहिल्या. दवाखान्यात गेल्यावर मामांचा हात हातात घेऊन त्यांनी विचारलं, "तुम्ही येता का हो सकाळी?" मामा तसेच पडून होते.

मी हे पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं. हिशोब बसत नाही. इंजिन तापायला पेट्रोल जळावं लागतं, आणि पेट्रोल जळलेलं नव्हतं. मी जे शिकलो त्यात याचं उत्तर नाही. कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा.

शेवटच्या सकाळचं सांगून थांबतो.

त्या दिवशी धुकं होतं. गाडीवर दव होतं, इतर गाड्यांवर होतं तसंच. मांजर नव्हती. मी बटण दाबलं आणि इंजिन घरघरत सुरू झालं. हीटरमधून थंडगार हवा आली. मामींनी सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"आज थंड आहे," त्या म्हणाल्या. चेहरा पांढरा पडला होता. मीही तेच समजलो जे त्या समजल्या. गाडी हलवायची माझी हिंमत होईना. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, इंजिन चालू, काचेवर वाफ.

तेवढ्यात सीमाताईचा फोन आला. मामींनी घेतलाच नाही, माझ्याकडे सरकवला. मी स्पीकरवर टाकला. ताई रडत होती, आधी काही समजेचना.

"बाबा उठले! डोळे उघडले त्यांनी, मले ओळखलं... आणि ऐक ना, पहिलं काय बोलले माहीत आहे? म्हणे, आज गाडी गरम करायची राहून गेली, तुझ्या आईले थंडी वाजत असन."